लिलावातली काळी गाडी आणि आमच्या आत्याबाई

हे लिहू की नको, यातच माझी बरीच वर्षं गेली. मी दादरच्या एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे. वर्गात मुलींनी भुताखेतांचा विषय काढला की मी खडू खाली ठेवून विचारायचे, "तू स्वतः पाहिलंस का? नाही? मग ज्याने पाहिलं त्याचा पत्ता दे, आपण जाऊन विचारू." पत्ता कधीच मिळायचा नाही. नेहमी कोणाच्या तरी मावशीच्या शेजारणीनेच पाहिलेलं असायचं. शेवटी मुली माझ्यासमोर असलं काही बोलेनाशा झाल्या.

म्हणून आधीच सांगते — हा प्रसंग शेजारणीचा नाही. माझा आहे. त्या गाडीत मागच्या सीटवर मी होते. नावं बदलली आहेत, बाकी काही बदललेलं नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. लग्न होऊन मी गिरगावातल्या एका वाडीत आले होते. घरात आम्ही चौघं. मी, आमचे हे, सासूबाई, आणि आत्याबाई — म्हणजे माझ्या दिवंगत सासऱ्यांची बहीण. आत्याबाई अगदी लहान वयात विधवा होऊन माहेरी परतलेल्या. फिकं लुगडं, बारीक आवाज, कोणी जोरात बोललं तरी दचकणार. ट्राममध्येसुद्धा त्या कोणाचा तरी हात धरून चढायच्या. त्यांना घरात कोणी कधी काही विचारत नसे आणि त्याही कधी काही मागत नसत.

यांना गाडीचं वेड होतं. विमा कंपनीतल्या पगारात नवी गाडी शक्य नव्हती. मग एक दिवस यांचा मित्र बंडू वर्तमानपत्रातलं कात्रण घेऊन आला. बेवारशी आणि जप्त केलेल्या गाड्यांचा जाहीर लिलाव. कोणीही यावं, बोली लावावी.

"वहिनी, तुम्ही पण चला," बंडू म्हणाला. "हा एकटा आला तर पहिल्याच गाडीच्या प्रेमात पडेल."

बंदराच्या बाजूला एका गोदामाचं आवार होतं. उन्हात गाड्या ओळीने उभ्या. काचांवर खडूने आकडे लिहिलेले. गाडी चालू करून बघायला परवानगी नव्हती. बॉनेट उघडा, खाली वाका, वास घ्या, बस. जशी आहे तशी घ्यायची, मागाहून तक्रार चालणार नाही, हे लिलाववाला पुन्हा पुन्हा ओरडून सांगत होता. ऑपेरा हाऊसकडचे जुन्या गाड्यांचे व्यापारी एका बाजूला पान चघळत घोळका करून उभे होते. बंडू म्हणाला, "ते एकमेकांवर बोली चढवत नाहीत. आधीच ठरलेलं असतं कोणी कुठली घ्यायची. त्यांना नको असेल तीच आपल्याला मिळणार."

त्यांना नको असलेली गाडी म्हणजे एक लहानशी, काळी, चार दारांची विलायती गाडी. पत्रा धड होता, सीटवर एक ओरखडा नव्हता. मग नको का? बंडूने गियरची दांडी हलवून बघितली. "दुसरा गियर अडकतोय. खोलावा लागेल, म्हणून सोडली असणार."

मी तिथल्या कारकुनाला विचारलं, ही कोणाची होती हो? तो म्हणाला, "आधीच्या दंगलीत वरळीच्या बाजूला रस्त्यावर उभी सापडली, बाई. दारं नीट लावलेली, किल्ली आतच. मालक काही आला नाही न्यायला."

हातोडा पडला आणि गाडी आमची झाली. हे इतके खूश होते की घरी येईपर्यंत दुसऱ्या गियरमध्ये खडखडाट होत राहिला तरी हसत होते.

वाडीतल्या बायकांनी गाडीला कुंकू लावलं, नारळ फोडला. सासूबाई चौपाटीपर्यंत फेरी मारून आल्या. आत्याबाई मात्र गाडीजवळ गेल्या आणि दाराला हात लावून मागे सरल्या.

"तुम्ही जाऊन या," त्या म्हणाल्या. "मला आत गुदमरेल."

त्या एकदाही गाडीत बसल्या नाहीत. आम्ही महालक्ष्मीला गाडीने गेलो की त्या शेजारणीचा हात धरून ट्रामने यायच्या. आम्हाला वाटलं, आहेच स्वभाव भित्रा. दुसऱ्या गियरपुढे मात्र बंडूनेही हात टेकले होते. दोनदा गियरबॉक्स खोलूनसुद्धा दोष सापडला नव्हता.

पुढच्या वर्षी मला दिवस गेले. परळच्या प्रसूतिगृहात नाव घातलं. तारखेला अजून अवकाश होता. आणि मुंबईत पुन्हा हरताळ पुकारला गेला.

त्या दिवशी सकाळीच हे मोर्च्यात गेले आणि दुपारी निरोप आला की पकडले गेलेत. बाहेर अश्रुधूर सोडला होता. खिडक्या लावून घेतल्या तरी डोळे झोंबत होते. ट्राम बंद, दुकानं बंद, कोपऱ्याकोपऱ्यावर पिंपं आणि दगड टाकून रस्ते अडवलेले. आणि तशात मला कळा सुरू झाल्या. नुसत्या कळा नाहीत… रक्तस्राव. सासूबाईंचा चेहरा पाहूनच मला कळलं की हे नेहमीसारखं नाही.

शेजारचे काका इराण्याच्या दुकानातून फोन करून आले. रुग्णवाहिका निघू शकत नव्हती. वाडीतल्या सुईणीने मला बघितलं आणि सासूबाईंना बाजूला नेऊन म्हणाली, "माझ्या हातातलं नाही हे. परळला न्या." पण नेणार कोण? बंडू राहायचा माहीमला. वाडीत दुसऱ्या कोणाला गाडी चालवता येत नव्हती. पुरुष मंडळी हातगाडी शोधायला धावली.

आत्याबाई माझ्या उशाशी बसून होत्या. त्यांचा हात माझ्या कपाळावर होता. तो हात एकदम जड झाला — म्हणजे मला तसं वाटलं. मग त्या उठल्या, खुंटीवरची किल्ली घेतली आणि म्हणाल्या, "उचला हिला."

आवाज त्यांचाच होता, पण बारीक नव्हता.

सासूबाईंना वाटलं, खाली कोणी ड्रायव्हर मिळाला. शेजारच्या दोघींनी मला उचलून मागच्या सीटवर निजवलं, माझं डोकं सासूबाईंच्या मांडीवर. पुढचं दार उघडलं आणि आत्याबाई चाकामागे बसल्या. पदर कमरेला खोचलेला, पाय अनवाणी.

"वन्सं! अहो, काय करताय? उतरा!" सासूबाई ओरडल्या.

आत्याबाईंनी चोक ओढला, गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. हे गाडी वाडीतून मागे काढायचे तेव्हा मागे एक, पुढे एक माणूस उभा करावा लागे. आत्याबाईंनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि एका हाताने चाक फिरवत गाडी सरळ रस्त्यावर आणली. काठाचा दगडसुद्धा घासला नाही. मग दुसरा गियर. मला कळांमधूनही ते ऐकू आलं, कारण खडखडाट झालाच नाही. त्यांनी दांडी सरळ ओढली नाही. आधी किंचित उजवीकडे दाबली, क्षणभर थांबल्या आणि मग खाली घेतली.

तुम्ही म्हणाल, कळा सुरू असलेल्या बाईचं काय खरं धरायचं? मी पण तेच म्हणाले असते. पण सासूबाई शुद्धीत होत्या आणि त्यांनी पाहिलं ते आणि मी पाहिलं ते एकच आहे.

सात रस्त्याला पोरांनी गाडी अडवली. कोणीतरी बॉनेटवर थाप मारली. आत्याबाईंनी काच खाली केली. "मागे बाळंतीण आहे रे. हास्पिटलात घेऊन चाललोय मी. दगड घ्या बाजूला."

चाललोय. चाललेय नव्हे.

पोरांनी आत वाकून मला बघितलं आणि पटापट दगड उचलले. सासूबाईंची बोटं माझ्या दंडात रुतली. माझ्यासारखंच त्यांनीही ते ऐकलं होतं.

चिंचपोकळीचा पूल उतरलो. एरवी लालबाग आलं की मिरचीचा ठसका लागायचा. त्या दिवशी मिरची कुटायचे डंक बंद होते, काही वास नव्हता. परळ आता जवळच होतं. आणि इथे आत्याबाईंनी गाडी हमरस्त्यावरून आत वळवली. एका गिरणीच्या भिंतीलगतची अरुंद गल्ली. टोकाला चाळ. गाडी थांबली आणि त्यांनी हॉर्न वाजवला. एकदा, लांब.

"वन्सं, कुठे थांबलात! पोर मरेल माझी!" सासूबाई त्यांच्या पाठीवर बुक्क्या मारत होत्या. आत्याबाईंनी मागे वळूनही बघितलं नाही. त्या वर बघत होत्या.

पहिल्या मजल्याच्या गॅलरीत एक वयस्क बाई आली. हातात लाटणं होतं. तिने गाडी पाहिली आणि किंचाळली, "म्हादू! माझो म्हादू इलो गो!" जिन्यावरून पडत-धडपडत ती खाली धावली. गाडीपाशी येऊन दोन्ही हातांनी खिडकी धरली, आत बघितलं… आणि चाकामागे आमच्या आत्याबाई.

त्या बाईचा चेहरा मी कधीच विसरणार नाही.

आत्याबाई तिला म्हणाल्या, "आये, माका उशीर होतलो. तू जेवान घे."

आत्याबाईंच्या सगळ्या आयुष्यात त्यांच्या तोंडून कोणी मालवणी शब्द ऐकला नव्हता. आमच्या घरात ती भाषा बोलणारं कोणी नव्हतं. बाईचे हात खिडकीवरून सुटले. गाडी मागे आली, वळली आणि परळच्या रस्त्याला लागली. यानंतरचं मला आठवत नाही.

मुलगी झाली. आम्ही दोघी वाचलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं.

मागाहून सासूबाईंनी सांगितलं की मला आत नेल्यावर त्या परत गाडीपाशी आल्या, तर आत्याबाई तशाच चाक घट्ट धरून बसलेल्या. दार कसं उघडायचं ते त्यांना कळत नव्हतं. काचेवर हात आपटत होत्या. पहारेकऱ्याने दार उघडलं तशा त्या म्हणाल्या, "वहिनी, मी इथे कशी हो बसले? कुमुद कुठाय?" — कुमुद म्हणजे मी — आणि रडायला लागल्या.

हे तुरुंगातून सुटून आले, तोवर वाडीत ही गोष्ट पसरलेली होती. यांचा विश्वास बसेना. "आत्याने रोज गॅलरीतून मला गाडी चालवताना पाहिलं असणार. वेळ आली की माणूस काहीही करतो." मला ते पटलंही, अर्धवट. मग मी दुसऱ्या गियरचं सांगितलं. हे खाली गेले, दांडी आधी उजवीकडे दाबली, थांबले, खाली घेतली. लोण्यासारखी बसली. वर आले तेव्हा यांचा चेहरा उतरला होता. त्या दिवसापासून हे त्या विषयावर हसले नाहीत.

लालबागची ती बाई त्या दिवशी गाडीमागे परळपर्यंत पळत आली होती. पहारेकऱ्याकडून तिने आमचा पत्ता काढला होता. बाळाचं बारसं झाल्यावर एका दुपारी ती वाडीत आली. नाव भागीरथीबाई. नेसूचं लुगडं धुवट, कपाळ मोठं, डोळे सारखे गाडीकडे. सासूबाईंना तिला दारातूनच परत पाठवायचं होतं. मी म्हटलं, बसू दे.

"माझो झील, म्हादू, एका शेठाच्या गाडीवर ड्रायव्हर होतो," ती म्हणाली. "ह्याच गाडीवर. मागच्या दंगलीत शेठाक घराक सोडूक गेलो, तो परत इलो नाय. हास्पिटलां बघलंव, चौक्ये बघलंव. मेलल्यांत नाय, पकडलेल्यांत नाय. शेठ सांगता, माका सोडून तो गेलो, म्होरचा माका ठावक नाय. मगे शेठ पण मुंबई सोडून गेलो."

"आणि तो हॉर्न?" मी विचारलं.

"उशीर होणार असलो की गल्लीत येऊन वाजवी. मी गॅलरीत येय. जेव म्हणून सांगी नि जाय. तो नसताना मी जेवतंय नाय, ह्या त्याका ठावक."

मग ती आत्याबाईंकडे वळली. आत्याबाई दाराआड उभ्या होत्या, बाहेर यायला तयार नव्हत्या.

"बाय, एकदा बसा गाडीत. एकदाच. माका त्याका इचारूचा आसा, तू खय आसस."

"मला नाही हो येत," आत्याबाई दाराची चौकट धरून म्हणाल्या. "मला खरंच काही येत नाही."

हे म्हणाले, जबरदस्ती नको. सासूबाई म्हणाल्या, उद्या काही अंगात राहिलं तर? पण आत्याबाईंनी त्या बाईच्या तोंडाकडे पाहिलं आणि निमूटपणे जिना उतरल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कोणाला न विचारता काही केलं असेल.

त्या चाकामागे बसल्या. भागीरथीबाई खिडकी धरून उभी राहिली. "म्हादू," तिने हाक मारली. "म्हादू, मी आसंय हंय."

काही झालं नाही. आत्याबाईंनी किल्ली हातात धरली होती, पण ती कुठे घालायची ते त्यांना समजेना. चोकच्या जागी भलतीच कळ ओढली. वाडीतली माणसं गॅलऱ्यांतून बघत होती. शेवटी भागीरथीबाई खिडकी सोडून मागे सरली आणि तिथेच पायरीवर बसली.

मी तिला पाणी दिलं. तिने ते घेतलं नाही. मलाच विचारलं, "तुमी शिकलेल्या. माका एक सांगा. तो ह्यांच्यात इलो तेवा जितो होतो, काय मेललो? जितो माणूस असो दुसऱ्याच्या तोंडान बोलता काय?"

मेलेली माणसं बोलत नाहीत हे मला ठाऊक होतं. आणि जिवंत माणसंही अशी बोलत नाहीत, हेही.

तेव्हा आत्याबाई गाडीतून उतरून आल्या आणि तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. त्यांनी लुगडं घोट्याच्या वर घेतलं आणि दोन्ही पाय पुढे केले.

"मी कोणाला सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी हॉस्पिटलात उतरले तेव्हापासून असे आहेत. मी तर बसले होते हो… एक पाऊल चालले नव्हते."

मी वाकून पाहिलं. दोन्ही तळव्यांना फोड येऊन फुटलेले होते. टाचांना, बोटांच्या मुळाशी, कडांना. आता खपल्या धरल्या होत्या. मैलोन्‌मैल तापलेल्या रस्त्यावर अनवाणी चालल्यावर पाय जसे होतात, तसे.

"त्याचं काय झालं ते मला माहीत नाही," आत्याबाई म्हणाल्या. "एवढंच आठवतंय की पाय दुखत होते. फार दुखत होते, आणि थांबायचं नव्हतं."

भागीरथीबाईने ते पाय उचलून आपल्या मांडीवर घेतले. एकेका फोडावरून अंगठा फिरवला. मला वाटलं, ती आता हंबरडा फोडेल. पण तिच्या तोंडावर वेगळंच काहीतरी आलं.

"चालता हा," ती म्हणाली. "माझो झील चालता हा. म्हणजे येतलो."

ती उठली, पदर सारखा केला आणि निघून गेली.

गाडी यांनी थोड्याच दिवसांत पुन्हा लिलावात काढली. कोणी घेतली ते आम्ही विचारलंही नाही. आत्याबाईंचे पाय हळूहळू बरे झाले, खुणा मात्र राहिल्या. त्या पुढे अधूनमधून लालबागला जाऊ लागल्या — एकट्या. भागीरथीबाईकडे बसून यायच्या. काय बोलायच्या ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. महाराष्ट्र झाला त्या दिवशी गिरगावात दिव्यांची आरास बघायला आम्ही सगळे बाहेर पडलो होतो, तेव्हाही त्या लालबागलाच होत्या.

मी नंतर शिक्षिका झाले आणि या प्रसंगाचा हिशेब लावायचा मी खूप प्रयत्न केला. गाडी चालवणं — पाहून पाहून डोक्यात बसलं असेल. मालवणी — रस्त्यात, बाजारात कानावर पडली असेल. अनवाणी पायांनी पेडल दाबून फोड येतील एक वेळ, पण टाचांना? पायाच्या कडांना? आणि ती गल्ली? तिथला तो हॉर्न? एका टोकाला गाठ मारावी तर दुसरं सुटतं. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांनाही मी विचारलं होतं. ते म्हणाले, मन फार विचित्र असतं. असेलही.

भागीरथीबाई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या. म्हादू आला नाही. त्याचं नाव कुठल्याच यादीत निघालं नाही, ना तेव्हा, ना नंतर. तो त्या दिवशी जिवंत होता की नव्हता, मला सांगता येत नाही. कुठून निघाला होता आणि कुठवर पोहोचला, तेही नाही. माझी मुलगी आज साठीच्या पुढे गेली आहे, आणि तिला इथवर आणून सोडणारा माणूस मी कधी पाहिलेला नाही.